राजाश्रयाचे पंख : ब्राझीलच्या 'वारिग' विमान कंपनीची उदयास्तकथा

१/
१० फेब्रुवारी १९६५. रिओ दि जानेरो. 'पॅनएअर दो ब्राझील' ही त्या काळची ब्राझीलमधील सर्वांत प्रतिष्ठित विमान कंपनी. त्या दिवशी तिच्या हाती सरकारची एक तार पडली. तारेचा आशय एवढाच होता, की कंपनीचे उड्डाणाचे हक्क काढून घेण्यात आले आहेत. सुनावणी नाही, मुदत नाही. त्याच रात्री पॅनएअरने युरोपला निघालेले प्रवासी विमानतळावर आले, तेव्हा त्यांना नेण्यासाठी दुसऱ्याच कंपनीचे बोइंग ७०७ सज्ज होते. त्या कंपनीचे नाव 'वारिग'.

२/
एका रात्रीत युरोपचे आकाश मिळालेली ही वारिग पुढे दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठी विमान कंपनी झाली. आणि २००६ मध्ये हीच वारिग अवघ्या २.४ कोटी डॉलरला लिलावात विकली गेली. या दोन घटनांमध्ये ४१ वर्षांचे अंतर आहे. मात्र त्यांना जोडणारा एक धागा आहे : १९६९ चा एक हुकूम. तो काढला गेला पॅनएअरला गाडण्यासाठी, पण त्याची किंमत वारिगलाही मोजावी लागली. हा थ्रेड त्या धाग्याचा.

३/
कथेचा आरंभ ब्राझीलच्या अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुल या प्रांतात होतो. १८२४ पासून येथे जर्मन स्थलांतरितांच्या वसाहती वाढत होत्या. पहिल्या महायुद्धानंतर ओट्टो एर्न्स्ट मायर हा जर्मन लष्करातील माजी अधिकारी याच ओघात ब्राझीलला आला. रस्ते तुटपुंजे, अंतरे प्रचंड, अशा देशात विमानसेवा चालेल असा त्याचा कयास होता. ७ मे १९२७ रोजी पोर्तो आलेग्रे शहरात त्याने कंपनी स्थापन केली. तिच्या लांबलचक पोर्तुगीज नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे 'वारिग'.

४/
पहिले विमान होते 'आत्लांतिको', पाण्यावर उतरणारे जर्मन बनावटीचे डॉर्निअर वाल. ब्राझीलच्या नोंदवहीत नाव लागलेले हे पहिले विमान. 'काँडोर सिंडिकेट' या जर्मन संस्थेने ते वारिगला दिले आणि बदल्यात कंपनीचे २१ टक्के भाग घेतले. पोर्तो आलेग्रेहून पेलोतास आणि रिओ ग्रांदे या गावांकडे जाणारा पहिला मार्ग पातोस या विस्तीर्ण खाजणावरून जात असे. म्हणून त्याला लोक 'खाजणाचा मार्ग' म्हणत. धावपट्टीची गरजच नव्हती. पाणी हाच विमानतळ.

५/
कंपनीने नेमलेला पहिला कर्मचारी होता रुबेन बेर्ता. वय १९ वर्षे. पहिल्या दिवसांत कार्यालयातील पडेल ते काम त्याच्या वाट्याला येई. वारिगच्या पुढील चार दशकांवर या माणसाची छाप इतकी गडद आहे, की कंपनीचा स्थापक मायर असला तरी तिला घडवणारा म्हणून बेर्ताचेच नाव घेतले जाते.

६/
तीन वर्षांतच पहिले संकट आले. १९३० मध्ये काँडोरने हात काढून घेतला आणि वारिगजवळचे विमानही गेले. कंपनी तगली ती रिओ ग्रांदे दो सुलच्या प्रांतिक सरकारने दिलेल्या आधारामुळे. त्यातून छोटी युंकर्स विमाने आली आणि सेवा पुन्हा सुरू झाली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वारिग ही खाजगी कंपनी होती, तथापि तिच्या बाल्यावस्थेतच तिला राजाश्रयाचा पहिला घास मिळाला होता. ही सवय पुढे कधीच सुटली नाही.

७/
दुसऱ्या महायुद्धात ब्राझील दोस्त राष्ट्रांच्या बाजूला झुकला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याने जर्मनी व इटलीविरुद्ध युद्ध पुकारले. जर्मन वंशाचा माणूस विमान कंपनीच्या प्रमुखपदी असणे आता परवडणारे नव्हते. मायर पायउतार झाला. कंपनीची सूत्रे कालांतराने बेर्ताच्या हाती आली. १९४२ मध्येच वारिगने शेजारच्या उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथे आपली पहिली परदेशी सेवा नेली होती.

८/
१९४५ मध्ये बेर्ताने एक विलक्षण प्रयोग केला. कंपनीच्या भांडवलाचा मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या प्रतिष्ठानाच्या नावे करण्यात आला. वैद्यकीय मदत, स्वस्त भोजन, अडीअडचणीला कर्ज अशा सोयी त्या प्रतिष्ठानातून मिळू लागल्या. कर्मचाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी प्रतिष्ठान चालवणार आणि प्रतिष्ठान कंपनी चालवणार, अशी ही रचना. वैमानिकापासून हमालापर्यंत प्रत्येकाला वारिग 'आपली' वाटावी, हा हेतू होता. तो बराच सफलही झाला.

९/
युद्ध संपताच अमेरिकी सैन्याची जादा झालेली डग्लस विमाने बाजारात कवडीमोलाने आली. ब्राझीलमध्ये विमान कंपन्यांचे अक्षरशः पीक आले. त्यांतील बहुतेक काही वर्षांतच बुडाल्या किंवा मोठ्या कंपन्यांनी गिळल्या. बेर्ताने हा काळ सावधपणे ओळखला. १९५२ मध्ये 'आएरो जेराल' ही कंपनी घेऊन वारिग दक्षिणेच्या कोपऱ्यातून बाहेर पडली आणि ईशान्य किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

१०/
त्यानंतरची झेप मोठी होती. न्यूयॉर्कचा मार्ग सरकारने वारिगला दिला आणि १९५५ मध्ये तिची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने तेथे जाऊ लागली. १९५९ मध्ये ब्राझीलचे पहिले प्रवासी जेट, फ्रेंच 'काराव्हेल', वारिगच्याच ताफ्यात आले. १९६० मध्ये बोइंग ७०७. १९६१ मध्ये आर्थिक ओढाताणीत सापडलेली 'रेआल' ही बलाढ्य कंपनी वारिगने विकत घेतली. आता देशात तिच्या तोडीची एकच कंपनी उरली होती : पॅनएअर.

११/
पॅनएअरची स्थापना १९२९ ची. ती अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीची शाखा म्हणून वाढली. पण भांडवल हळूहळू ब्राझिली हातांत येत गेले. १९४६ मध्ये तिने युरोपची सेवा सुरू केली. लिस्बन, पॅरिस, लंडन, रोम ही नावे ब्राझीलच्या मध्यमवर्गाच्या कानांवर पडली ती पॅनएअरच्या जाहिरातींतून. दुसरीकडे अ‍ॅमेझॉनच्या नद्यांवर उतरणारी तिची कॅटलिना विमाने एकाकी नदीकाठच्या गावांपर्यंत टपाल, औषधे आणि माणसे पोहोचवीत. तिथे रस्ता असा नव्हताच.

१२/
१९६० च्या दशकाच्या आरंभी पॅनएअरची मालकी प्रामुख्याने दोन उद्योगपतींकडे होती : सेल्सो दा रोशा मिरांदा आणि मारियो वॉलेस सिमॉन्सेन. सिमॉन्सेन कॉफीचा बडा निर्यातदार होता. 'एक्सेल्सिओर' ही दूरचित्रवाहिनीही त्याचीच. राजकारणात तो राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार यांच्या जवळचा मानला जाई. मार्च १९६४ च्या अखेरीस लष्कराने बंड करून गुलार यांची सत्ता उलथवली. त्यानंतर सिमॉन्सेनच्या उद्योगांवर एकामागून एक गदा येऊ लागली. पॅनएअर त्यांतलीच.

१३/
लष्करी राष्ट्राध्यक्ष कास्तेलो ब्रांको यांच्या राजवटीत एदुआर्दो गोमेस हे हवाई खात्याचे मंत्री होते. परवाना काढून घेण्याचा निर्णय याच खात्याचा. कारण सांगितले गेले ते कंपनीच्या डबघाईचे. काही दिवसांतच न्यायालयाने तिला दिवाळखोर घोषित केले. सुमारे ५,००० कर्मचारी बेकार झाले. सिमॉन्सेन तेव्हा युरोपात होता. मार्च १९६५ मध्ये, तारेनंतर काही आठवड्यांतच, त्याचा तेथे मृत्यू झाला.

१४/
पॅनएअर खरोखर डबघाईला आली होती का? तिच्यावर कर्ज होते, हे खरे. परंतु त्या काळी ब्राझीलच्या सर्वच विमान कंपन्या कर्जात होत्या आणि सरकारी अनुदानावर तगून होत्या. कर्ज हाच निकष असता तर शिक्षा एकीलाच का, हा प्रश्न उरतो. वारिगची विमाने आणि कर्मचारी त्या रात्री इतक्या तत्परतेने कसे सज्ज होते, हा दुसरा प्रश्न. वारिगला निर्णय आधीच ठाऊक होता, हा आरोप तेव्हापासून आजतागायत होत आला आहे.

१५/
लाभ मात्र निर्विवाद होता. युरोपचे सर्व मार्ग वारिगला मिळाले, पुढे पॅनएअरची डीसी-८ विमानेही तिच्याकडे आली. अ‍ॅमेझॉनची सेवा 'क्रुझेरो दो सुल' या कंपनीकडे गेली. डिसेंबर १९६६ मध्ये रुबेन बेर्ताचे निधन झाले. कर्मचाऱ्यांच्या प्रतिष्ठानाला त्याचे नाव देण्यात आले. १९ व्या वर्षी कार्यालयीन कामाने सुरुवात केलेला हा माणूस गेला, तेव्हा वारिगची विमाने दोन खंड ओलांडत होती.

१६/
आता त्या हुकुमाकडे येऊ. ब्राझीलच्या कायद्यात 'काँकोर्दाता' नावाची एक सोय होती. अडचणीतील कंपनीने न्यायालयाच्या देखरेखीखाली धनकोंशी तडजोड करावी, देणी हप्त्यांनी फेडावीत आणि व्यवसाय चालू ठेवावा, अशी ती तरतूद. पॅनएअरकडे मालमत्ता होती, देणी फेडण्याची तयारी होती. या वाटेने ती पुन्हा उभी राहण्याची शक्यता दिसू लागली. डिसेंबर १९६८ नंतर ब्राझीलची संसद बंद होती आणि राज्य हुकुमांवर चालत होते. जुलै १९६९ मध्ये हुकूम क्रमांक ६६९ निघाला : विमान कंपन्यांना काँकोर्दाताचा लाभ घेता येणार नाही.

१७/
हुकुमात पॅनएअरचे नाव नव्हते. नियम सर्वच विमान कंपन्यांसाठी होता. पण तेव्हा त्या दारापाशी उभी होती ती एकटी पॅनएअर, आणि दार तिच्याच तोंडावर लावले गेले. वैभवाच्या ऐन बहरात असलेल्या वारिगला या नियमाची झळ लागण्याचे काही कारणच नव्हते. लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली, तरी १९८६ च्या नव्या हवाई वाहतूक संहितेत ही बंदी जशीच्या तशी राहिली. दार बंदच राहिले. ते कोणासाठी बंद केले होते, याचा मात्र लोकांना विसर पडत गेला.

१८/
यानंतरची दोन दशके वारिगची. १९६८ मध्ये टोकियोची सेवा सुरू झाली. जपानबाहेरचा सर्वांत मोठा जपानी समाज ब्राझीलमध्ये असल्याने या मार्गाला भावनिक मोलही होते. १९७५ मध्ये क्रुझेरो दो सुल ही कंपनीही बेर्ता प्रतिष्ठानाने घेतली. क्रुझेरोचे मूळ रूप म्हणजे काँडोर, वारिगला पहिले विमान देणाऱ्या जर्मन संस्थेची ब्राझीलमधली वारस. पाळण्याची दोरी जिच्या हाती होती, तीच शेवटी वारिगच्या पदरी आली. लांब पल्ल्याच्या नियमित परदेशी उड्डाणांवर आता ब्राझीलच्या बाजूने वारिगचीच मक्तेदारी होती.

१९/
या वैभवात कसब नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वारिगचे अभियंते, तिच्या कार्यशाळा, विमानातील आदरातिथ्य यांचा लौकिक जगभर होता. रिओ आणि साओ पाउलो यांच्या दरम्यान धावणारी तिची इलेक्ट्रा विमाने १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तीन दशके सेवेत राहिली. त्या दोन शहरांतील लोकांना ती घरच्यासारखी वाटत. परदेशातील वारिगचे कार्यालय म्हणजे ब्राझिली माणसासाठी जणू दुसरा दूतावास. तिकीट नसले तरी मायदेशाची वर्तमानपत्रे वाचायला लोक तिथे डोकावत.

२०/
परंतु मक्तेदारीचा दुसरा चेहराही होता. कोणी कोठे उडावे आणि किती भाडे घ्यावे, हे हवाई खाते ठरवीत असे. स्पर्धेचा धाक नव्हता. ग्राहक जिंकण्यापेक्षा मंत्रालयाशी सलोखा राखणे अधिक फलदायी ठरत होते. अशा कंपनीचे स्नायू वेगळ्याच जागी वाढतात. खर्च फुगत गेला, मनुष्यबळ वाढत गेले आणि कोणालाच त्याची निकड जाणवली नाही. राजाश्रय असतो तोवर उणीव दिसत नाही.

२१/
मग तोच आश्रय फास झाला. १९८० च्या दशकात ब्राझीलमध्ये चलनवाढीचा आगडोंब उसळला. १९८९ मध्ये तिचा वार्षिक दर हजार टक्क्यांच्या पलीकडे गेला. १९८६ च्या 'क्रुझादो' योजनेने सरकारने सर्व किमती गोठवल्या. विमानभाडेही त्यात आले. इंधन, सुटे भाग, विमानांचे हप्ते यांची किंमत डॉलरमध्ये; उत्पन्न मात्र सरकारने बांधून दिलेल्या दरात. १९८५ ते १९९२ या काळातील भाडेनियंत्रणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागत वारिगने पुढे सरकारवर दावा लावला. त्या दाव्याची गोष्ट शेवटी पुन्हा येईल.

२२/
१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो कोलोर यांनी अर्थव्यवस्था खुली करण्यास आरंभ केला. व्हास्प आणि ट्रान्सब्राझील या देशांतर्गत कंपन्यांना परदेशी मार्ग मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या बाजूने थकलेल्या पॅन अ‍ॅम आणि ईस्टर्न यांच्या जागी अमेरिकन आणि युनायटेड या तगड्या कंपन्या उतरल्या. २५ वर्षे सुरक्षित असलेले आकाश एकदम भर बाजारात आले. १९९६ मध्ये वारिगने नवे बोधचिन्ह घेतले, १९९७ मध्ये ती 'स्टार अलायन्स' या जागतिक संघात सामील झाली. रंग नवा झाला. ताळेबंद जुनाच राहिला.

२३/
येथे बेर्ताच्या प्रयोगाची उणी बाजू उघडी पडली. कंपनीचे प्रमुख प्रतिष्ठानाच्या मर्जीवर आणि प्रतिष्ठानाचे विश्वस्त कर्मचाऱ्यांच्या मतांवर अवलंबून. खर्चाला कात्री लावणारा माणूस निवडून येणे अवघड, आला तर टिकणे अवघड. अध्यक्ष येत आणि जात राहिले. बाहेरून भांडवल आणायचे तर नियंत्रण सोडावे लागणार, आणि प्रतिष्ठानाला ते मान्य नव्हते. सर्वांची असलेली कंपनी निर्णयाच्या वेळी कोणाचीच नव्हती.

२४/
जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने आपले चलन 'रेआल' मोकळे सोडले. सुमारे १.२० रेआलला मिळणारा डॉलर काही आठवड्यांत दोनच्या आसपास गेला. डॉलरमध्ये देणी असलेल्या वारिगचे कंबरडे मोडले. जानेवारी २००१ मध्ये 'गोल' ही स्वस्त भाड्याची कंपनी अवतरली. 'ताम' आधीच जोमात होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर जगभर विमान प्रवास आक्रसला. २००३ मध्ये वारिग आणि ताम यांच्या विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली, दोघींनी काही काळ उड्डाणे वाटूनही घेतली. पण २००५ मध्ये ते संपले.

२५/
अशा वेळी एखादी कंपनी न्यायालयात जाऊन धनकोंशी तडजोड करते, थोडी उसंत मिळवते. ब्राझीलच्या विमान कंपन्यांना ती वाट नव्हती. १९६९ चे दार अजून बंद होते. ट्रान्सब्राझीलची विमाने डिसेंबर २००१ मध्ये जमिनीवर आली, व्हास्पची जानेवारी २००५ मध्ये. लष्करी राजवटीने एका कंपनीसाठी लावलेला अडसर लोकशाहीत वीस वर्षे तसाच पडून होता, आणि त्या राजवटीची सर्वांत लाडकी कंपनी आता त्याच अडसरापाशी येऊन उभी होती.

२६/
२००५ मध्ये ब्राझीलने दिवाळखोरीचा नवा कायदा केला. काँकोर्दाताची जागा 'न्यायालयीन पुनरुज्जीवन' या नव्या प्रक्रियेने घेतली आणि तीत विमान कंपन्यांवरील जुनी बंदी स्पष्ट शब्दांत उठवण्यात आली. कायदा ९ जूनला अमलात आला. १७ जूनला वारिगने अर्ज केला. आठच दिवसांनी! पण डोक्यावर सुमारे ७०० कोटी रेआलचे कर्ज होते. छत्तीस वर्षांनी दार उघडले, तेव्हा आत जाणाऱ्याचे पाय गळून गेले होते.

२७/
जून २००६ मध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक रंगात असताना वारिगची उड्डाणे धडाधड रद्द होत होती. विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्या ती परत मागत होत्या. २० जुलै २००६ रोजी लिलाव झाला. वारिगचे नाव आणि मार्ग विकत घेतले ते तिच्याच जुन्या मालवाहू शाखेने. ही शाखा आधीच इतरांना विकली गेली होती. किंमत २.४ कोटी डॉलर. हजारो कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. मार्च २००७ मध्ये हीच कंपनी ३२ कोटी डॉलरच्या व्यवहारात गोलने घेतली. एकेकाळच्या सम्राज्ञीची मालकी आता सहा वर्षांच्या एका नवख्या कंपनीकडे गेली.

२८/
गोलने वारिग हे नाव हळूहळू वापरातून काढले. वारिगने सुरू केलेली 'स्माइल्स' ही प्रवाशांच्या गुणांची योजना मात्र तिला पुढेही उपयोगी पडली. कर्जांसह मागे राहिलेली जुनी कंपनी 'फ्लेक्स' या नावाने थोडा काळ जगली आणि ऑगस्ट २०१० मध्ये दिवाळखोर ठरली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की नव्या कायद्याखाली झालेल्या विक्रीत कामगारांची जुनी देणी खरेदीदारावर येत नाहीत. म्हणजे कामगारांची थकबाकी त्या निर्धन सांगाड्याकडेच राहिली.

२९/
सर्वांत मोठा घाव होता 'आएरुस' या निवृत्तिवेतन निधीचा. एप्रिल २००६ मध्ये सरकारने त्यावर ताबा आणला, कारण त्यात देण्यापुरता पैसाच नव्हता. आयुष्यभर पगारातून वर्गणी भरलेल्या हजारो निवृत्त वैमानिकांच्या, हवाई सेविकांच्या, यंत्रज्ञांच्या हाती ठरलेल्या रकमेचा लहानसा अंश येऊ लागला. हीच माणसे प्रतिष्ठानाच्या मार्गाने कंपनीची मालक म्हणवली जात. मालकी कागदावर होती, तोटा मात्र खराखुरा वाट्याला आला. म्हातारपणी त्यांना न्यायालयांच्या आणि मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

३०/
मार्च २०१४. भाडेगोठवणीच्या त्या जुन्या दाव्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला : वारिगचे म्हणणे खरे, सरकारने भरपाई द्यावी. रक्कम सुमारे ३०० कोटी रेआल इतकी मानली गेली. दावा जिंकला तेव्हा वारिग नावाचे विमान आकाशात नव्हते. त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशानंतर आएरुसच्या निवृत्तांसाठी सरकारला निधी द्यावा लागला. तोवर त्यांतील कित्येक जण हयात नव्हते.

३१/
पॅनएअरचेही असेच झाले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, तारेनंतर १९ वर्षांनी. २०१३ मध्ये राष्ट्रीय सत्य आयोगाने लष्करी राजवटीच्या अत्याचारांचा शोध घेताना पॅनएअर प्रकरणावर जाहीर सुनावणी घेतली. तिचे जुने कर्मचारी दर वर्षी एकत्र जमत राहिले. कंपनी नसली तरी ते स्वतःला 'पॅनएअरचे कुटुंब' म्हणवीत. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोन निकाल. दोन्ही वेळा न्याय मिळाला, आणि दोन्ही वेळा तो घ्यायला कंपनी उरली नव्हती.

३२/
वारिगच्या अस्ताची कारणे अनेक : फुगलेला खर्च, दुबळे नेतृत्व, डॉलर, स्पर्धा. त्यांत सर्वांत जुने कारण मात्र तिच्या उत्कर्षातच दडलेले होते. सत्तेने मेहेरबानीच्या बळावर दिलेले सत्ता मेहेरबानीच्या बळावरच काढूनही घेऊ शकते, हे १९६५ च्या त्या रात्री पॅनएअरच्या ५,००० माणसांना कळले. वारिगला कळायला चाळीस वर्षे लागली. नियम मोडून प्रतिस्पर्ध्याला हटवले जाते तेव्हा वाचलेल्याला ती आपली जीत वाटते. वस्तुतः त्या दिवशी त्याच्याही डोक्यावरचे छप्पर काढलेले असते. पाऊस तेवढा उशिरा येतो.

(समाप्त)

#इतिहास #थ्रेड #ब्राझील #विमानवाहतूक